पहिल्या गिगची गाणी: कव्हर किती, स्वतःची किती?

नव्या बँडमधलं पहिलं भांडण बहुतेक वेळा गाण्यांवरून होतं. गिटारवाल्याकडे चार गाणी लिहून तयार असतात. गायिकेला वाटतं, अनोळखी लोकांसमोर ओळखीचं काहीतरी गायलेलं बरं. ड्रमर म्हणतो, काहीही वाजवू पण एकदाचं ठरवा. तेवढ्यात पबच्या मॅनेजरचा मेसेज येतो, ‘बॉलिवूड रेट्रो चालेल ना?’ आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्या गिगपासून प्रत्येक कार्यक्रमात स्वतःचं गाणं हवंच. किती हवीत आणि कुठे, हे जागा ठरवते. नुसती कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, वाजवणाऱ्या बँडला काम मिळत राहतं, पण महिन्याभराने कुणाला त्याचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. उलट कुणीही ओळखत नसताना दहाच्या दहा गाणी स्वतःची घेऊन पबमध्ये उभे राहिलात, तर गाणी कितीही चांगली असोत, चौथ्या गाण्याला टेबलांवर गप्पा सुरू झालेल्या असतात. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात पहिलं काम मिळवू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. एकेक पायरी क्रमाने घ्या.

पायरी १: जागा बघून या

ज्या वारी वाजवायचं आहे त्याच वारी, त्याच वेळेला तिथे जाऊन बसा. गुरुवारचा पब आणि शनिवारचा पब यांत खूप फरक असतो. काहीतरी मागवा आणि स्टेजवरची नजर काढून लोकांकडे बघा. खुर्च्या स्टेजच्या दिशेने मांडल्यात की एकमेकांसमोर? भिंतीवर मॅच चालू आहे का, आणि बँड सुरू झाल्यावर टीव्हीचा आवाज बंद करतात का? ऑर्डर घेताना वेटरला वाकून कानाशी यावं लागतंय का? टाळ्या नेमक्या कुठल्या टेबलांवरून येतात? कुणी टिश्यू पेपरवर फर्माईश लिहून पाठवतंय का? अर्धा तास एवढंच पाहिलंत तरी कळतं, की इथे लोक गाणं ऐकायला येतात, की जेवताना गाणं चालू असलं तर बरं म्हणून येतात.

दुसऱ्या प्रकारच्या जागा जास्त आहेत. रेस्टॉरंट आणि पबमध्ये साधारण पाऊण-पाऊण तासाचे दोन किंवा तीन सेट मागतात, मध्ये पंधरा-वीस मिनिटांची सुट्टी. तीन सेट म्हणजे पंचवीस-सत्तावीस गाणी. एवढी स्वतःची गाणी नव्या बँडकडे नसतातच, त्यामुळे वाद आपोआप मिटतो. अशा रात्री तीन ते चार गाणी आपली, बाकी कव्हर.

तिकीट काढून ऐकायला येतात त्या जागांचं गणित उलटं. मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिल्स कंपाउंडमध्ये २००७ ते २०१६ या काळात ब्लू फ्रॉग चालला. स्वतःची गाणी घेऊन येणाऱ्या बँडना उत्तम साउंड आणि समोर बसून ऐकणारा श्रोता मिळेल, असं व्यासपीठ त्याने उभं केलं. २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाल्यावर मैदानातली हजारो माणसं इथल्याच बँडची स्वतःची गाणी ऐकायला उभी राहिली. आज मुंबई-पुण्यातल्या छोट्या मंचांवर तिकीट काढून आलेला माणूस हीच अपेक्षा घेऊन येतो. तिथे नऊ गाण्यांत दोन कव्हर पुरे. त्यातलं एक तरी असं असावं, की तुमच्या हातात पडल्यावर ते बदललेलं आहे.

कॉलेजच्या स्पर्धांत वेळ पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवातल्या लाइव्हवायर या बँडस्पर्धेसारख्या ठिकाणी परीक्षकांनी त्याच दिवशी तीच गाजलेली रॉक गाणी दुसऱ्या बँडकडून ऐकलेली असतात. तिथे सगळी गाणी स्वतःची न्या. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धेच्या तालमींत चाली बांधायची सवय लागलेली पुण्यातली मुलं इथे पुढे असतात, कारण ठरलेल्या तारखेला गाणं पूर्ण करून उभं राहायचं हे त्यांना माहीत असतं.

गणपती मंडळ, सोसायटीची कोजागरी, कंपनीचं स्नेहसंमेलन इथे मात्र एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद करावा लागतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा दिवस त्यात असेलच असं नाही. कार्यक्रम आठचा म्हणून ठरतो, सत्कार आणि भाषणं नऊपर्यंत चालतात आणि पावणेदहाला कार्यकर्ता स्टेजच्या कडेला येऊन घड्याळ दाखवतो. शेवटची तीन गाणी गळतात. स्वतःचं गाणं शेवटी ‘धमाका’ म्हणून ठेवलेलं असेल तर तेच जातं. म्हणून उघड्यावरच्या कार्यक्रमात आपलं गाणं पहिल्या अर्ध्या तासातच घ्या.

मंडळासमोर नवं गाणं चालणार नाही, असं कुणी सांगितलं तर गजानन वाटव्यांची आठवण द्या. गणेशोत्सवात ते चौकात हार्मोनियम घेऊन बसायचे आणि स्वतः चाल लावलेली भावगीतं गायचे. रस्ता भरून लोक ऐकायला थांबायचे. ती गाणीही तेव्हा नवीच होती.

गोव्यात हॉटेलचं आणि लग्नाचं काम मुबलक असतं, पण ते जवळजवळ सगळं कव्हरचं. पाहुणा सुट्टीवर आलेला असतो, त्याला नाचायचं असतं. ते काम जरूर घ्या, हात तयार होतो. एक काळ होता, गोव्याचे वादक रात्री मुंबईच्या हॉटेलांत पाश्चात्त्य नृत्यसंगीत वाजवत आणि दिवसा फिल्म स्टुडिओत बसत. सिनेमाच्या वाद्यवृंदावर त्यांची छाप पडली ती याच तयारीमुळे. आणि त्याच गोव्यात रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये घरीच रेकॉर्ड करून स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली. दोन्ही वाटा एकाच गावातून निघतात.

पायरी २: आपल्याकडे खरंच किती गाणी आहेत ते मोजा

‘आमच्याकडे सात ओरिजिनल्स आहेत’ असं म्हणणाऱ्या बँडकडे स्टेजवर नेण्याजोगी दोन निघतात. गाणं तयार आहे की नाही, हे असं तपासा.

ड्रमरने मूळ रेकॉर्डिंग न ऐकता चार ठोके दिले, तर गाणं योग्य लयीत सुरू होतं का? शेवट सगळ्यांचा एकत्र होतो का, की कुणीतरी आणखी एक आवर्तन वाजवतं? शब्द मोबाइलमध्ये न बघता पाठ आहेत का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दोन तास गायल्यावर दमलेल्या गळ्यातून तिसऱ्या सेटला ते त्याच पट्टीत निघतं का? स्वतःचं गाणं बांधताना सगळे ताज्या गळ्याने बांधतात आणि सर्वांत वरचा सूर ध्रुवपदात ठेवतात. मग गिगच्या रात्री तो फुटतो.

जॅमरूममध्ये, म्हणजे तालमीच्या खोलीत, मोबाइल लांबच्या कोपऱ्यात ठेवून गाणं सलग रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. जिथे तुम्हालाच पुढे ढकलावंसं वाटतं, तिथे श्रोता फोन काढणार. बहुतेक वेळा ती जागा दुसऱ्या अंतऱ्याआधीचा लांबलेला गिटारचा तुकडा असते. सोळा मात्रांवर आणा.

यात जी उरतील तीच तुमची गाणी. दोन उरली तरी पहिल्या गिगला पुरतात.

पायरी ३: कव्हर निवडताना आळस करू नका

बरेच नवे बँड इथेच घसरतात. गेल्या दोन वर्षांत प्रत्येक पबमध्ये वाजलेली दहा-बारा गाणी उचलायची, यूट्यूबवर कॉर्ड्स बघायच्या आणि मूळ पट्टीतच वाजवायची. असं केलं की ऐकणारा तुमची तुलना सरळ मूळ रेकॉर्डिंगशी करतो आणि त्यात तुम्ही हरता.

आधी पट्टी बघा. बायकांची बरीच गाणी काळी चारच्या आसपास असतात (म्हणजे हार्मोनियमवर सप्तकातली चौथी काळी पट्टी हा सा) आणि पुरुष गायक बहुधा काळी एकमध्ये सुखात असतो. म्हणजे गाणं सात अर्धस्वरांच्या अंतराने, पंचमाइतकं, खाली आणावं लागतं. मग गिटारवरचे खुल्या तारांचे आकार बदलतात, मूळची चमकदार सुरावट जड वाटायला लागते आणि बेस फार खाली जातो. कॅपो (गिटारच्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून आणि गिटारचा भाग वरच्या सप्तकात हलवून हे सावरता येतं, पण त्याला तालीम लागते. गायकाला पट्टी गिगच्या दिवशी विचारायची नसते. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहिलेला कागद सगळ्यांकडे हवा.

मग गाणं किती बदलायचं ते ठरवा. माझा साधा नियम असा आहे: मुखड्याची चाल आणि शब्द जसेच्या तसे ठेवायचे, त्याखालचं सगळं बदललं तरी चालेल. लय अर्धी करा, ढोलकीचा ठेका आणा, कीबोर्ड काढून टाका. पण पहिल्या वीस सेकंदांत टेबलावरच्या माणसाने गाणं ओळखलं पाहिजे. ओळखल्यावर तो पुढचे बदल आनंदाने ऐकतो. ओळखलंच नाही, तर त्याच्या दृष्टीने ते तुमचंच एक अनोळखी गाणं ठरतं आणि कव्हरचा फायदा हातातून जातो.

कव्हर वाजवणं म्हणजे कमीपणा, असं मानणारे एक दोन मेंबर प्रत्येक बँडमध्ये असतात. त्यांना सांगा, १८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं सौभद्र रंगभूमीवर आलं तेव्हा त्यातली पदं लोकांच्या ओळखीच्या चालींवर बांधलेली होती. जुन्या पदांच्या पुस्तकांत प्रत्येक पदावर कुठल्या चालीवर ते म्हणायचं हे छापलेलं दिसतं. बीटल्स हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र दुसऱ्यांची गाणी वाजवत होते, आणि १९६३ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्येही १४ पैकी ६ गाणी दुसऱ्यांची होती. मुंबईच्या रॉक मशीनने सुरुवात कव्हरनेच केली, १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आणला आणि पुढे इंडस क्रीड या नावाने ते स्वतःच्याच गाण्यांसाठी ओळखले गेले. या सगळ्यांनी कव्हर वाजवताना कान उघडे ठेवले होते. दुसऱ्याचं गाणं बसवताना त्याचा मुखडा किती लवकर येतो, अंतरा कुठल्या सुरावर संपतो आणि परत कसा वळतो हे वहीत उतरवून ठेवा. स्वतःचं पुढचं गाणं बांधताना ती वही उपयोगी पडते.

आपल्याकडे मधला एक फार सुंदर मार्ग आहे. संतांचे अभंग, ओव्या, बहिणाबाईंच्या कविता घ्या आणि चाल स्वतः लावा. शब्द लोकांच्या कानात आधीच आहेत, संगीत तुमचं. अभंग रिपोस्ट हा मुंबईचा बँड याच वाटेने चालला आणि पबमध्ये तुकोबा ऐकू आले. नवख्या बँडने पहिल्या गिगला असं एक गाणं न्यावंच, असं मला मनापासून वाटतं. अनोळखी श्रोता आणि तुमचं स्वतःचं संगीत यांच्यामध्ये याहून चांगला पूल मिळायचा नाही.

पायरी ४: हक्कांचं समजून घ्या

इथे गैरसमज फार आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगवेगळे असतात, हे लक्षात ठेवा. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. पण श्रीनिवास खळ्यांनी अभंगाला लावलेली चाल तशी नाही. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. तो अभंग त्यांच्या चालीत गायलात तर ते कव्हर, स्वतःच्या चालीत गायलात तर गाणं तुमचं.

कवितांचंही तेच. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, भा. रा. तांबे, मर्ढेकर, बहिणाबाई यांच्या कविता आता मोकळ्या आहेत, खुशाल चाल लावा. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. आरती प्रभूंचे २०३६ पर्यंत. सुरेश भट, कुसुमाग्रज, ग्रेस यांच्यासाठी वारसांना किंवा प्रकाशकाला रीतसर पत्र लिहा. परवानगी लेखी घ्या.

प्रत्यक्ष कार्यक्रमात दुसऱ्याचं गाणं गाण्यासाठी गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचा परवाना लागतो. तो मुख्यतः आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, देते. ही संस्था १९६९ पासून आहे. परवाना घेण्याची जबाबदारी सहसा जागेच्या मालकाची किंवा आयोजकाची असते, पण ‘सहसा’वर विसंबू नका. ठरवताना मेसेजमध्ये एक ओळ विचारा: ‘लाइव्ह संगीताचा परवाना तुमच्याकडे आहे ना?’ लग्नसमारंभ आणि धार्मिक विधींतल्या गायनाला कायद्यात सूट आहे. हॉटेलातल्या लग्नांवरून मात्र वाद कोर्टापर्यंत गेलेले आहेत, त्यामुळे तिथेही आयोजकाकडून स्पष्ट करून घ्या.

स्टेजवरचं कव्हर आणि रेकॉर्ड केलेलं कव्हर यांचे नियम वेगळे. कार्यक्रमाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर मूळ हक्कदार त्यावर दावा लावू शकतो आणि जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे जाऊ शकतात, कधी व्हिडिओ बंदही होतो. बँडची ओळख म्हणून पाठवायचा व्हिडिओ स्वतःच्या गाण्याचाच करा, हे त्यामुळेही बरं.

आणि स्वतःच्या गाण्यांचं घरातलं काम लगेच करून टाका. कुठल्या गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसे आले तर वाटणी कशी, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. गाणं तयार होताच हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी तारखेचा पुरावा म्हणून शब्द आणि कच्चं रेकॉर्डिंग सगळ्यांना ईमेल करा. बँड फुटतो तेव्हा हा कागद मैत्री वाचवतो.

पायरी ५: गाण्यांचा क्रम लावा

किती गाणी आपली यावर बँड तासन्‌तास भांडतात आणि ती कुठे ठेवायची हे रिक्षात ठरवतात. माझ्या मते क्रम जास्त महत्त्वाचा आहे.

पाऊण तासाचा सेट धरा. चार मिनिटांचं एक गाणं, मधलं ट्यूनिंग आणि बोलणं, म्हणजे नऊ गाणी. पहिलं गाणं ओळखीचं आणि चढ्या लयीचं. ते चालू असताना साउंडवाला अजून आवाज जुळवत असतो, तिथे स्वतःचं गाणं वाया जातं. दुसऱ्या गाण्याला लोक मान वळवतात. तिसरं तुमचं. आवाज बसलेला असतो, दोन गाणी आवडलेली असल्यामुळे समोरच्याने तुम्हाला कानाची परवानगी दिलेली असते आणि जेवण अजून टेबलावर आलेलं नसतं. चौथं पुन्हा ओळखीचं. पबमध्ये पहिल्या सेटला एवढंच पुरे. दुसऱ्या सेटमध्ये तिसरं आणि सहावं आपलं ठेवा. तिसऱ्या सेटमध्ये शेवटून दुसरं आपलं, आणि शेवट सगळ्यांना म्हणता येईल अशा गाण्याने. एकूण चार झाली. स्वतःचं संथ गाणं एकच घ्या आणि तेही दुसऱ्या सेटमध्ये. पबमध्ये आपली दोन गाणी लागोपाठ नकोत.

कव्हरमधून स्वतःच्या गाण्यात शिरताना मध्ये शांतता पडू देऊ नका. समजा दुसरं गाणं काळी एकमध्ये संपतंय आणि तुमचं गाणंही काळी एकमध्येच आहे. कव्हरचा शेवटचा कॉर्ड विरत असताना ड्रमरने हाय-हॅट (ड्रमसोबतची झांजांची जोडी) चालू ठेवायचं, नव्या गाण्याच्या लयीत. बेसने षड्ज धरून ठेवायचा. टाळ्या त्या षड्जावरच पडू द्या. टाळ्या ओसरायच्या आत गायकाने एकच वाक्य बोलायचं आणि गिटारने नव्या गाण्याची सुरावट सुरू करायची. हे सगळं आठ-दहा सेकंदांत झालं पाहिजे. लोकांना उठायला, फोन बघायला, वेटरला हाक मारायला फट मिळत नाही. याची वेगळी तालीम करा. नुसता जोड दहा वेळा वाजवा, पूर्ण गाणी नकोत.

ते एक वाक्यही आधी ठरवून ठेवा. ‘आता आमचं एक छोटंसं, साधंसं गाणं आहे, आवडलं तर बघा’ असं म्हणालात की ऐकणारा ते साधंसं म्हणूनच ऐकतो. गाण्याचं नाव आणि ते कशावर आहे, एवढं सांगा. ‘हे आमचं गाणं आहे, शेवटची लोकल चुकलेल्या माणसावर.’ बस. संपल्यावर टाळ्यांत नाव पुन्हा एकदा घ्या, बँडचं नावही. लोकांना गाणं आवडतं पण शोधायचं कशाने ते कळत नाही, असं फार वेळा होतं.

फर्माईश आली आणि गाणं येत नसेल, तर तसं सरळ सांगा आणि त्याच गायकाचं किंवा संगीतकाराचं येत असलेलं गाणं द्या. अर्धवट येणारं गाणं ओढूनताणून म्हणू नका. मागणाऱ्याला ते पूर्ण पाठ असतं.

पायरी ६: साउंडचेक आणि पैसे

साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघतात तेव्हा, स्वतःचंच गाणं वाजवा. कव्हर कसं वाजायला हवं हे साउंडवाल्याला माहीत असतं, तुमचं गाणं त्याने कधी ऐकलेलं नाही. त्याला एक कागद द्या: कोण कुठे उभं राहणार, किती माइक, कुठल्या गाण्याच्या अंतऱ्यात व्हायोलिन वर घ्यायचं. त्याचं नाव विचारून घ्या आणि स्टेजवरून एकदा आभार माना.

मानधन, सेट किती, जेवण, जाण्यायेण्याचा खर्च, रद्द झालं तर काय, हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी हवं. त्यातच लिहा, ‘यात आमची स्वतःची चार गाणी असतील.’ हे आधी लिहिलेलं असलं की ऐन सेटमध्ये मॅनेजर येऊन हातवारे करत नाही. टीडीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

पायरी ७: दुसऱ्या दिवशी बसा आणि पुढचा गिग मागा

कार्यक्रमानंतर सामान आवरताना कुणीतरी येऊन विचारतं, ‘ते लोकलचं गाणं कुठे मिळेल?’ कुठलं गाणं विचारलं गेलं ते लगेच फोनमध्ये टिपून ठेवा. टाळ्यांपेक्षा हा प्रश्न खरा. म्हणून गिगच्या आधी किमान एक गाणं ऑनलाइन असायलाच हवं आणि त्याचा क्यूआर कोड ड्रमसमोर किंवा टेबलावर दिसायला हवा. रेकॉर्डिंग भारी नसलं तरी चालेल, शब्द स्पष्ट ऐकू यायला हवेत.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐका. स्वतःच्या प्रत्येक गाण्याच्या वेळी मागच्या बडबडीचा आवाज वाढला की कमी झाला, तेवढं बघा. जिथे वाढला ते गाणं पुढच्या वेळी वेगळ्या जागी ठेवा. दुसऱ्या जागीही तसंच झालं तर ते परत जॅमरूममध्ये न्या. जिथे कमी झाला ते गाणं तिसऱ्या क्रमांकावरून हलवून शेवटून दुसरं करा, आणि रिकाम्या झालेल्या तिसऱ्या जागेवर नवं गाणं आणा. असं केलं की दर गिगला एक नवं गाणं लोकांसमोर तपासलं जातं आणि जुनं पक्कं होतं.

त्याच जागी दुसऱ्यांदा बोलावलं की चाराची सहा गाणी मागा. मॅनेजर नको म्हणाला तर शनिवारचा हट्ट धरू नका, त्याच्याकडे मंगळवार किंवा बुधवार मागा. त्या रात्री जागा तशीही अर्धी रिकामी असते. सांगा की आम्ही तीस माणसं आणतो, मानधन कमी द्या किंवा गेटच्या पैशांतला वाटा द्या, पण एक अख्खा सेट आमच्या गाण्यांचा. तीस माणसं खरंच आणायची असतील तर दोन आठवडे आधी लागा. प्रत्येक मेंबरने सहा-सात जणांना फोन करायचा, ग्रुपवर पोस्टर टाकून थांबायचं नाही. नातेवाईक चालतील, पण निम्मे तरी असे असावेत ज्यांनी तुमचं गाणं आधी एकदा ऐकलंय. मुखडा समोरून त्यांच्याच आवाजात आला, की पुढच्या वेळी त्या मॅनेजरचाच फोन येतो आणि तो शनिवारबद्दल बोलतो.